फोनवरचा निरोप आणि इंग्रजीची धास्ती

प्रश्न : मी एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. मेल लिहिणं, कागदपत्रं वाचणं यात काही अडत नाही. पण आता परदेशी ग्राहकांचे फोनही माझ्याच टेबलावर येतात आणि तिथे माझी गाळण उडते. मागच्या महिन्यात साहेब बाहेर असताना एका बाईंचा फोन आला. त्या भराभर बोलत होत्या आणि मी ‘येस, येस, ओके’ म्हणत राहिले. नंतर कळलं की त्यांचं आडनाव ‘एफ’नं सुरू होतं, मी ते ‘एस’नं लिहिलं होतं. नंबरात एक आकडा कमी होता. त्यांनी ‘टुमॉरो’ म्हटलं होतं, ते मी तसंच लिहून ठेवलं. साहेबांनी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचली आणि त्यांना वाटलं, अजून एक दिवस हातात आहे. साहेब फार बोलले नाहीत, पण तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो. मला स्वतःला कुणासाठी निरोप ठेवायचा असला तर ‘बीप’ ऐकल्याबरोबर मी फोन ठेवून देते. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? की फोनचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगू? (नाव छापू नये.)

उत्तर : क्लास लावायचा असेल तर हौसेनं लावा, पण या कारणासाठी नको. आणि फोन दुसऱ्याच्या टेबलावर तर मुळीच ढकलू नका. तुमच्या पत्रातल्या तीन चुका मी पुन्हा पुन्हा वाचल्या. आडनावाचं पहिलं अक्षर, सुटलेला आकडा आणि ‘टुमॉरो’. यातल्या एकीचाही व्याकरणाशी संबंध नाही, शब्दसंग्रहाशीही नाही. ‘टुमॉरो’चा अर्थ तुम्हाला ठाऊक होता, आकडे ठाऊक होते, ‘एफ’ आणि ‘एस’ तर लहानपणापासून ठाऊक आहेत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या हातूनही निरोप लिहून घेताना नेमक्या याच चुका होतात. तुमच्याकडे कमी पडली ती निरोप टिपून घेण्याची पद्धत, आणि ती शिकायला महिने लागत नाहीत.

आधी ‘एफ’ आणि ‘एस’चं बघू, कारण त्यात तुमचा दोष सगळ्यात कमी आहे. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू शकतो. नेहमीची टेलिफोन लाइन त्यातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचवते. बोलणं समजायला तेवढा पुरतो. पण ‘स’ म्हणताना जो सळसळाट होतो त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की ‘एस’ काय आणि ‘एफ’ काय, दोन्हींतून उरतो एक ‘ए’ आणि मागे थोडी फुसफुस. समोरासमोर असताना बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, त्यावरून आपण नकळत अंदाज बांधतो. फोनवर तीही सोय नाही. हल्लीचे बरेचसे मोबाइल आणि इंटरनेटवरचे कॉल ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतात, तिथे फरक जाणवतो. पण कॉल वाटेत कुठल्या लाइनवरून येतो हे आपल्या हातात नसतं. ‘एम’ आणि ‘एन’, तसंच ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’, ‘व्ही’ ही सगळी अशीच एकमेकांत मिसळणारी अक्षरं. त्यामुळे फोनवर नाव नुसतं ऐकून लिहायचंच नाही, प्रत्येक वेळी विचारून लिहायचं. ‘कुड यू स्पेल दॅट फॉर मी, प्लीज?’ हे वाक्य म्हणायला लाज वाटण्याचं काहीच कारण नाही. परदेशी माणसाला तर त्याची इतकी सवय असते की पुष्कळदा तो विचारण्याआधीच स्पेलिंग सांगू लागतो.

स्पेलिंगमध्येही गोंधळ होतोच. त्यासाठी विमानवाहतुकीत आणि लष्करात १९५६ सालापासून एक ठरलेली शब्दमाला वापरतात : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट अशी झुलूपर्यंत. हे शब्द वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर तपासून निवडले, खरखरीतही ओळखू यावेत म्हणून. तुम्ही सगळी २६ पाठ करायची गरज नाही. पूर्ण यादी छापून फोनजवळ चिकटवून ठेवा, आणि फसव्या जोड्यांपुरते शब्द तेवढे तोंडात बसवा : एफ फॉक्सट्रॉट, एस सिएरा, एम माइक, एन नोव्हेंबर, बी ब्राव्हो, डी डेल्टा, पी पापा, टी टँगो. मग प्रश्न विचारायचा : ‘इज दॅट एफ ॲज इन फॉक्सट्रॉट, ऑर एस ॲज इन सिएरा?’ एवढ्या एका प्रश्नावर त्या दिवशीचं आडनाव बरोबर उतरलं असतं. ठरलेला शब्द आठवला नाही तर कुठलाही ओळखीचा शब्द चालतो, फक्त तो दुसऱ्या अक्षराच्या शब्दाशी मिळताजुळता नको. ‘एफ फॉर फ्रायडे’ आणि ‘एस फॉर संडे’ म्हटलंत तर पुन्हा शेपट्या सारख्याच ऐकू येतील.

आपण स्वतः नाव सांगतो तेव्हा दोन गोष्टी जपाव्या लागतात. आपल्या तोंडात ‘व’ एकच आहे, इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे. नावात यातलं अक्षर असेल तर ‘व्ही ॲज इन व्हिक्टर’ असं सांगूनच टाका. दुसरं म्हणजे स्वतःचं नाव आपण सगळ्यात वेगानं उच्चारतो, कारण आपल्याला ते पाठ असतं. पलीकडच्यासाठी मात्र फोनवरचा तोच सर्वांत अनोळखी शब्द असतो. नाव आणि आडनाव यांच्यात श्वासभर थांबा. अमेरिकन माणूस ‘झेड’ला ‘झी’ म्हणतो आणि फोनवर ते हुबेहूब ‘सी’सारखं ऐकू येतं, तिथेही ‘झी ॲज इन झीब्रा?’ असं विचारून घ्यावं.

आता तुमचं ‘येस, येस, ओके’. मला वाटतं, त्या दिवशीचं खरं नुकसान इथे झालं. मराठीत बोलताना आपण ‘हो, हो’, ‘हं’ म्हणत राहतो, त्याचा अर्थ एवढाच की मी ऐकतोय, बोला पुढे. इंग्रजी बोलणारा माणूस फोनवर ‘येस’ ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, हे समजलं, लिहून झालं, कदाचित मान्यही झालं. मग तो वेग वाढवतो. तुम्ही जितक्या वेळा ‘येस’ म्हणालात तितक्या वेळा त्या बाईंना तुम्ही नकळत ‘चला पुढे’ अशी परवानगी दिलीत. पण गप्प राहूनही भागत नाही, कारण फोनवरची शांतता म्हणजे लाइन तुटली असं वाटतं. यावर उपाय म्हणजे आपण काय करतोय ते बोलून दाखवायचं. ‘वन मोमेंट, आय ॲम जस्ट रायटिंग दॅट डाउन.’ हे वाक्य आजच दहा वेळा मोठ्यानं म्हणा. या एका वाक्यानं बोलणारा थांबतो, लाइन चालू आहे हे त्याला कळतं, आणि आपलं म्हणणं कुणीतरी लिहून घेतंय याचा त्याला बरं वाटण्याइतका दिलासा मिळतो. फोनची सूत्रं तुमच्या हातात येतात ती इथून.

थांबवायला संकोच वाटतो हे मला कळतं. आपल्याला वाटतं, पुन्हा विचारलं तर समोरच्याला कळेल की हिला इंग्रजी येत नाही. पण पुन्हा विचारायच्याही तऱ्हा असतात. नुसतं ‘पार्डन?’ किंवा ‘रिपीट प्लीज’ म्हटलं की तो सगळं पहिल्यापासून, त्याच वेगात, फक्त मोठ्या आवाजात सांगतो आणि आपण होतो तिथेच राहतो. त्यापेक्षा काय कळलं ते आधी सांगा आणि काय सुटलं ते नेमकं मागा : ‘आय गॉट द कंपनी नेम, बट आय डिडन्ट कॅच युअर सरनेम.’ याचा परिणाम फार वेगळा होतो. ऐकणाऱ्याला दिसतं की बाई लक्षपूर्वक लिहून घेताहेत आणि एकच गोष्ट राहिलीय. तो तेवढीच गोष्ट सावकाश सांगतो. वेगच जास्त असेल तर ‘कुड यू स्लो डाउन अ लिटल, प्लीज? आय वॉन्ट टू गेट धिस राइट’ म्हणा. या दुसऱ्या वाक्यावर चिडलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

आकड्यांसाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची युक्ती म्हणजे अर्धवट वाचून दाखवणं. समजा नंबर ऐकताना मधलं काही निसटलं. तर जेवढं लिहिलंय तेवढं वाचा आणि शेवटी आवाज वर चढवून थांबा : ‘फोर सेव्हन टू, नाइन...?’ पलीकडचा माणूस आपोआप तिथून पुढचं पुरं करतो. प्रश्न बनवायची गरज नाही, व्याकरण नाही, फक्त सूर. इंग्रजीत नंबर सांगताना प्रत्येक गटाशेवटी सूर थोडा वर राहतो आणि नंबर संपला की खाली येतो. हे एकदा कानाला लागलं की आकडा सुटला असेल तर लगेच शंका येते.

तुमचा तो कमी पडलेला आकडा बहुधा ‘डबल’मध्ये गेला असावा. ब्रिटिश माणूस आपल्यासारखाच ‘डबल थ्री’, ‘ट्रिपल सेव्हन’ म्हणतो. घाईत लिहिताना ‘डबल’ ऐकून हात थांबतो आणि पुढचा आकडा एकदाच लिहिला जातो. अमेरिकन सहसा ‘थ्री थ्री’ असं सुटं म्हणतो, त्याला नंबर सांगताना तुम्हीही सुटं म्हणा. शून्याला ‘झीरो’ म्हणतात तसं ‘ओ’ही म्हणतात. नंबरात त्यानं बिघडत नाही, पण बुकिंग कोड किंवा बिलाच्या क्रमांकात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, तिथे ‘इज दॅट झीरो, ऑर द लेटर ओ?’ असं विचारायलाच हवं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हा तर जगभरचा घोळ आहे, शेवटचा ‘न’ फोनवर विरतो. ‘वन-फाइव्ह, ऑर फाइव्ह-झीरो?’ असं सुटं करून विचारा. विमानाच्या वायरलेसवर ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ‘नाइनर’ आणि ‘फाइफ’ म्हणण्याचाच नियम आहे. तिथल्या तरबेज लोकांनाही कानावर भरवसा ठेवून चालत नाही, मग आपण का ठेवायचा?

मराठीत विचार करणाऱ्यांसाठी इथे आणखी एक सापळा आहे. ‘फॉर्टी-सेव्हन’ ऐकून आपण मनात ‘सत्तेचाळीस’ म्हणतो, आणि त्यात सात आधी येतो. घाईत हात ७४ लिहून मोकळा होतो. तेव्हा ऐकलेला आकडा मराठीत न्यायचाच नाही. ‘फॉर्टी’ ऐकलं की लगेच ४, ‘सेव्हन’ ऐकलं की ७. कान आणि पेन यांच्यामध्ये दुसरं काही येऊ देऊ नका.

‘टुमॉरो’बद्दल. निरोपाच्या चिठ्ठीत ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द कधीही लिहू नयेत, कुठल्याच भाषेत. चिठ्ठी कधी वाचली जाईल हे आपल्याला माहीत नसतं. वार आणि तारीख लिहायची, तीही फोन चालू असतानाच ठरवून : ‘टुमॉरो, दॅट्स थर्सडे द ट्वेल्फ्थ?’ महिना आकड्यात लिहू नका. ५/६ म्हणजे ब्रिटिश माणसासाठी ५ जून आणि अमेरिकन माणसासाठी ६ मे. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हटलं तर येता शुक्रवार की त्यानंतरचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नसतं, तेव्हा तारीख मागून घ्या. वेळेचंही तसंच. ब्रिटिश माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर ते साडेपाच, साडेचार नव्हे. अमेरिकन ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणाला तर ते पावणेपाच. आणि कॉल परदेशातून असेल तर एक प्रश्न विसरता कामा नये : ‘इज दॅट युअर टाइम, ऑर आवर्स?’ या एका प्रश्नावाचून अनेक भेटी हुकतात.

आता फोन उचलल्यापासून बघू. कंपनीचं नाव, मग ‘धिस इज’ म्हणून स्वतःचं नाव. ‘आय ॲम’ किंवा ‘मायसेल्फ’ नको, फोनवर ओळख ‘धिस इज’नंच देतात. त्यांनी साहेबांना मागितलं आणि साहेब नाहीत, तर क्रम सांभाळा : आधी नाहीत हे सांगायचं, मग नाव विचारायचं. ‘आय ॲम अफ्रेड ही इज नॉट अव्हेलेबल ॲट द मोमेंट. मे आय आस्क हूज कॉलिंग?’ उलट केलंत, म्हणजे आधी नाव विचारून मग ‘साहेब नाहीत’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटतं की माझं नाव ऐकून नाही म्हणाले. इंग्रजीत ‘हू आर यू?’ हा प्रश्न फोनवर दरडावल्यासारखा वाटतो, तो टाळाच. त्यानंतर ‘कॅन आय टेक अ मेसेज?’ विचारायचं. साहेब कुठे आहेत, कुणाकडे आहेत, तब्येत कशी आहे, हे सांगू नका. ‘इन अ मीटिंग’ किंवा ‘अवे फ्रॉम हिज डेस्क’ एवढं पुरे. आणि त्यांचा खासगी मोबाइल नंबर कुणीही कितीही अगत्यानं मागितला तरी द्यायचा नाही, ‘आय विल पास ऑन युअर नंबर’ म्हणायचं. आपुलकीनं किंवा घाई करून माहिती काढणारे फसवे फोन याच वाटेनं येतात.

‘साहेब पाचच्या आत फोन करतील’ असा शब्द त्यांच्या वतीनं देऊ नका. ‘आय विल मेक शुअर ही गेट्स युअर मेसेज’ एवढंच तुमच्या हातात आहे, तेवढंच सांगा. ‘ही इज आउट ऑफ स्टेशन’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, परदेशी माणसाला बहुधा कळत नाही, तिथे ‘ही इज अवे’ म्हणा. ‘रिव्हर्ट’च्या जागी ‘कॉल बॅक’ किंवा ‘गेट बॅक टू यू’ म्हणा. ‘आर यू थ्रू?’ असं कुणी विचारलं तर थोडं सावध : ब्रिटिश माणूस लाइन जोडली गेली का विचारतोय, अमेरिकन तुमचं बोलणं संपलं का विचारतोय.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं अर्धं मिनिट. ‘लेट मी रीड दॅट बॅक टू यू’ म्हणून सगळा निरोप वाचून दाखवायचा. नाव स्पेलिंगसह, नंबर गटागटानं, वार-तारीख, काम. हे न करता फोन ठेवायचाच नाही, समोरचा ‘इट्स ओके’ म्हणाला तरी. तुमच्या त्या फोनवर हे झालं असतं तर तिन्ही चुका त्या बाईंनीच दुरुस्त केल्या असत्या. म्हणून मी क्लासला नको म्हणते. उच्चार कितीही सफाईदार असले तरी जी व्यक्ती वाचून दाखवत नाही तिच्याकडे निरोप देताना मला धाकधूक वाटते. आणि अडखळत का होईना, जी नंबर परत म्हणून दाखवते तिच्याकडे सोपवलेलं काम होणार याची खात्री असते. तुमचे ग्राहकही असाच विचार करतात.

चिठ्ठी कशी लिहायची? तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की तुम्ही ती इंग्रजीत लिहिता, आणि ऐकता ऐकता मनात इंग्रजी वाक्यं जुळवता. साहेब मराठी वाचत असतील तर मराठीत लिहा! निरोप इंग्रजीत आला म्हणून चिठ्ठीही इंग्रजीतच हवी असा नियम नाही. नाव, कंपनी आणि मेलचा पत्ता तेवढा इंग्रजी अक्षरांत, बाकी सगळं ज्या भाषेत तुमचा हात भराभर चालतो त्या भाषेत. निम्मं ओझं तिथेच उतरतं. साहेबांना इंग्रजीच लागत असेल तर पूर्ण वाक्यांच्या मागे लागू नका, ‘कॉल बॅक बिफोर फ्रायडे नून, अबाउट इन्व्हॉइस’ एवढं पुरतं.

एक वही फोनसाठीच ठेवा आणि फोन येण्याआधीच पानं आखून ठेवा : कुणासाठी, कुणाचा, कंपनी, नंबर, काम काय, त्यांनी काय करायला सांगितलंय, केव्हापर्यंत, फोन किती वाजता आला, लिहून कुणी घेतला. रिकामी राहिलेली ओळ डोळ्यांसमोर असली की काय विचारायचं राहिलंय ते आपोआप दिसतं, आठवावं लागत नाही. ‘काम काय’ आणि ‘काय करायला सांगितलंय’ या दोन वेगळ्या ओळी मी मुद्दाम सांगितल्या. ‘बिलाबद्दल फोन होता’ हे काम झालं. पण साहेबांनी फोन करायचा, की बिल पाठवायचं, की त्या स्वतःच पुन्हा करणार आहेत? हे लिहिलं नाही तर साहेब चिठ्ठी घेऊन तुमच्याचकडे विचारायला येतात. आणि ‘तो’, ‘ती’, ‘त्यांचा’ जपून वापरा. ‘त्यांनी त्यांची फाइल त्यांच्याकडे पाठवायला सांगितलंय’ यात तीन माणसं आहेत आणि एकाचाही पत्ता लागत नाही. प्रत्येक ठिकाणी नाव लिहा, लांब असेल तर आद्याक्षरं.

आता तुम्हाला स्वतःला निरोप ठेवायचा असतो तेव्हाचं. पलीकडे माणूस असेल तर ‘कुड आय लीव्ह अ मेसेज?’ म्हणा आणि ‘कुड यू आस्क हर टू कॉल मी बॅक?’ असं विचारा. इथे ‘आस्क’ हवं. ‘टेल हर टू कॉल मी’ म्हटलं की तो हुकूम होतो. ‘टेल’ फक्त माहितीसाठी : ‘प्लीज टेल हर आय कॉल्ड.’ पलीकडच्यानं वाचून दाखवलं नाही तर तुम्हीच सुचवा : ‘वुड यू माइंड रीडिंग दॅट बॅक? आय वॉन्ट टू बी शुअर आय गेव्ह यू द राइट नंबर.’ शंका आपल्या सांगण्यावर घेतली की त्यालाही वाईट वाटत नाही.

आणि ती ‘बीप’. ती ऐकून फोन ठेवला तरी पलीकडे मिस्ड कॉल उमटतोच, फक्त कशासाठी ते कळत नाही. तुम्हाला बीपची भीती वाटते, कारण काय बोलायचं हे बीपनंतर ठरवायचं असतं असं तुम्ही धरून चालला आहात. ते फोन लावण्याआधी ठरवायचं, आणि कागदावर. व्हॉइसमेलला तुमचा कागद दिसत नाही, बघून वाचा! असा काहीतरी मजकूर :

‘हॅलो, धिस इज’, मग तुमचं नाव सावकाश, कंपनीचं नाव. ‘आय ॲम कॉलिंग अबाउट युअर ऑर्डर ऑफ द थर्ड ऑफ मार्च. वी नीड युअर डिलिव्हरी ॲड्रेस बिफोर वी कॅन सेंड इट. कुड यू कॉल मी बॅक बाय फ्रायडे? माय नंबर इज’, मग देशाचा कोड धरून नंबर, गटागटानं. ‘आय विल से दॅट अगेन’, पुन्हा नंबर. ‘थँक यू. गुडबाय.’

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’नं सुरुवात करू नका, त्यातच सुरुवातीची मोलाची सेकंदं जातात. नंबर दुसऱ्यांदा सांगायचाच, कारण पहिल्यांदा ऐकताना माणूस पेन शोधत असतो. स्वतःचा नंबर सांगतानाही आपण पळतो, म्हणून सांगता सांगता तो हवेत बोटानं लिहा. बोट ज्या वेगानं लिहील त्याच वेगानं ऐकणारा लिहू शकतो. मेलचा पत्ता सांगायचा असेल तर ‘ॲट’, ‘डॉट’, ‘अंडरस्कोअर’, ‘हायफन’, ‘ऑल वन वर्ड’, ‘ऑल लोअर केस’ एवढे शब्द पुरतात, तरीही तो लांब असला तर ‘आय विल टेक्स्ट यू द ॲड्रेस’ म्हणून लेखी पाठवणं केव्हाही बरं. रकमा, खाते क्रमांक, कुणाच्या आजारपणाची गोष्ट व्हॉइसमेलवर ठेवू नका. तो कोण कोण ऐकेल सांगता येत नाही.

सरावासाठी एक करा. आज घरी गेल्यावर वरचा मजकूर तुमच्या नावानं भरून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मैत्रिणीला पाठवा. तिला तुमचा नंबर न बघता, नुसतं ऐकून कागदावर उतरवायला सांगा. तो बरोबर उतरला का ते बघा. मग अदलाबदल करा : तिनं अनोळखी नाव आणि नंबर भराभर सांगायचा, तुम्ही तिला अडवायचं. या दुसऱ्या भागात रमा जास्त, कारण तुम्हाला बोलण्याइतकीच अडवण्याचीही सवय हवी आहे. चार-पाच दिवस रोज दहा मिनिटं पुरे. मग ऑफिसात पहिला कॉल तुम्हीच लावा. येणाऱ्या फोनची वाट बघत बसण्यापेक्षा आपण लावलेला फोन सोपा जातो, वेळ आपली असते आणि कागद समोर तयार असतो. त्या ‘एफ’वाल्या बाईंनाच लावलात तर उत्तम. साहेबांना विचारून त्यांच्या कामाचं पुढे काय झालं ते घ्या आणि त्यांना कळवा. त्या जागेवर नसतील तर निरोप ठेवा, आडनाव मात्र आधी नीट तपासून.